हंगामाआधीचा कारवानी : मराठवाड्यातल्या शिकारी कुत्र्याचा इतिहास

तत्त्वज्ञानाचा मास्तर कुत्र्यावर बोलायला उभा राहिला म्हणून काहींनी नाक मुरडलं असेल. हरकत नाही. महाभारताची सुरुवात बघा. जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिल्लाला विनाकारण मार बसतो आणि ती शाप देते. शेवट बघा, युधिष्ठिराबरोबर कुत्रा चालतोय. आणि अधेमध्ये आणखी एक कुत्रा आहे, जो आपण विसरतो. पांडव शिकारीला निघतात, त्यांचा कुत्रा पुढे जातो, एकलव्याला पाहून भुंकतो, आणि त्याचं तोंड बाणांनी भरलं जातं. एकलव्याचा पत्ता लागला तो शिकारी कुत्र्यामुळे. त्याचा अंगठा गेला, त्या कथेची पहिली पायरी हा कुत्रा.

पण आज आपण ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो भुंकणाऱ्यांतला नाही. आपल्या गंगापूर, वैजापूर, पैठणच्या पट्ट्यात ज्याला कारवानी म्हणतात तो. उंच, लांब तोंडाचा, पोट आत गेलेलं, छाती खोल. हा नजरेचा कुत्रा. वास काढत बसत नाही. ससा उठलेला दिसला की सुटतो, आणि धावताना तोंडातून आवाज काढत नाही. कानावर, शेपटीवर लांब मऊ केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानातल्या सालुकी, ताझी या कुत्र्यांशी याचं दिसणं जुळतं, आणि व्यापाऱ्यांच्या, फौजांच्या तांड्यांबरोबर ते दख्खनेत आले असं मानलं जातं. नावच बोलतं ना, कारवान!

मात्र दख्खनेत कुत्रा कारवानांबरोबरच आला, असं समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याने शके 1051 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1129–30 कडे, ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो ओवीच्या उल्लेखामुळे माहीत आहे. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. पण त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, ‘सारमेयविनोद’ असा स्वतंत्र अध्याय आहे. सारमेय म्हणजे सरमेची लेकरं, कुत्री. मृगयेचा अध्याय त्याहून वेगळा. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी इथल्या राजाला कुत्र्याची पारख हा लिहून ठेवण्याजोगा विषय वाटत होता. आमच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत ओवी पोचली, सारमेय काही पोचला नाही.

आता मूळ मुद्दा, हंगामाची तयारी. याचं शास्त्र कुणी मराठीत सलग लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही. ते बांधावर चालत आलं. पावसाळ्यात कुत्रा बसून असतो. अंग सुटतं, पंजाच्या गाद्या चिखलाने मऊ पडतात, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड भरते. बाजरी निघाली, रानं मोकळी झाली की ससा लांबून दिसायला लागतो, आणि तो हंगाम. पण अशा मऊ पायाच्या कुत्र्याला थेट सोडलं तर पहिल्याच धावेत पंजा फाटतो. म्हणून भाद्रपद-आश्विनात पहाटे त्याला आधी नुसतं चालवायचं. मऊ वाटेने, मग मुरमाड माळाने, मग नांगरटीतून. गाद्या हळूहळू टणक होतात. पळवणं नंतर, आणि तेही एक दिवसाआड. खुराक म्हणजे भाकरी, ताक, जमेल तेव्हा मटणाचं पाणी. पण धावायच्या आधी पोट रिकामं. धावून आला की लगेच घटाघटा पाणी नाही, आधी सावली आणि धाप उतरू देणं. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत, आणि पाठीवर मांस हाताला लागलं पाहिजे. बरगड्या दिसतात म्हणून शहरातला माणूस म्हणतो, उपाशी ठेवलंय! तसं नसतं.

आणि इथली माती. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपली जमीन काळी. पाऊस संपला की ती वाळते आणि भेगाळते. भरधाव कुत्र्याचा पुढचा पाय भेगेत गेला की हाड मोडलंच. शिवाय कापणीनंतर उभी राहिलेली धसकटं पंजा आणि छाती फाडतात. म्हणजे गवत उंच असताना ससा दिसत नाही, आणि भेगा रुंदावल्यावर कुत्रा सोडता येत नाही. मधली काही आठवडे एवढीच खरी सोय. हंगाम माणसाने ठरवलेला नव्हता, मातीने ठरवला होता. चंपाषष्ठी नेमकी याच दिवसांत, मार्गशीर्षात येते हे सहज सांगून ठेवतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून कोटंब्यात वाढलेलं खातात. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही जोडत नाही. पण ज्या समाजाने हा देव पुजला त्याला कुत्र्याची किंमत माहीत होती, इतकं म्हणायला अडचण नाही. (रायगडच्या वाघ्याचा वाद इथे काढू नका, त्याला वेगळं व्याख्यान लागेल.)

आता तत्त्वज्ञानाचा धागा, कारण तो सुटत नाही. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपस याच्या नावावर एक उदाहरण आहे. शिकारी कुत्रा तीन वाटा फुटतात तिथे येतो. दोन वाटा हुंगतो, वास नाही, आणि तिसरीने न हुंगताच धावतो. म्हणजे त्याने तर्क केला की काय? आपल्या न्यायदर्शनात शेषवत् अनुमानाचा एक अर्थ वात्स्यायन परिशेष असा करतो: इतर शक्यता काढून टाकल्यावर उरते ती. वर्गात हे शिकवताना क्रिसिपसचा कुत्रा फार उपयोगी पडतो. पण कारवानी हुंगतच नाही! त्याची बुद्धी बघायची तर जोडी बघायला हवी. तरणा कुत्रा सशाच्या मागे नाकासमोर पळतो. मुरलेला कुत्रा थोडा मागे राहतो, ससा कुठे वळणार हे ताडतो आणि आडवा जातो. हे हुकूम देऊन शिकवता येत नाही. म्हणून नव्या कुत्र्याला जुन्याबरोबर सोडायचं. कुत्रा कुत्र्याकडून शिकतो, माणूस फक्त पट्टा सोडतो.

दुसऱ्या शतकात एरियन नावाच्या ग्रीक लेखकाने नजरेच्या शिकारी कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. हा एपिक्टेटसचा शिष्य. भारतावरही त्याने पुस्तक लिहिलंय. तो म्हणतो, नराला दोन वर्षांआधी शिकारीला नेऊ नये, सशावर दोनाहून जास्त कुत्रे सोडू नयेत, सशाला आधी थोडं अंतर मिळू द्यावं, आणि ससा निसटला तर खऱ्या शिकाऱ्याला आनंदच व्हावा. हे पोट भरलेल्या माणसाचं नीतिशास्त्र. आपल्याकडे ज्याच्या घरी कालवणाला दुसरं काही नव्हतं त्याला ससा निसटल्याचा आनंद कुठून होणार? शिकारीची नीती बोलताना कोणाची शिकार हे आधी विचारायला हवं, असं आमचं मत आहे.

कारण शिकारीचा इतिहास हा सत्तेचाही इतिहास आहे. गोदावरी आपल्याकडे 1948 पर्यंत सरहद्द होती. इकडे कायगाव निजामाचं, पलीकडे टोका, नेवासा इंग्रजांचं. इंग्रजी मुलखात 1912 च्या कायद्याने पशुपक्ष्यांसाठी बंदीचा काळ ठरवायची तरतूद झाली आणि त्या यादीत ससाही होता. इकडे मोठ्या शिकारीचा मान हुजूर आणि त्यांच्या पाहुण्यांचा. आणि ज्यांचं जगणंच शिकारीवर, त्या फासेपारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजी अमलात 1871 च्या कायद्याने गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा 1952 ला गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. राजाने हरणामागे चित्ता सोडला की तो शौक, पारध्याने फास लावला की गुन्हा.

कुत्र्याचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर लोकांकडची ही कुत्री पाहिली, जोपासली, पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून ती जगाला ‘मुधोळ हाउंड’ म्हणून माहीत झाली. 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं तेही मुधोळच्या नावाने. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र तिला कॅरव्हान हाउंडच म्हणतो. बेडरांचं नाव कुठेच नाही.

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला काही प्राण्यांची शिकार परवान्यावर करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. कायद्यातल्या शिकारीच्या आजच्या व्याख्येत जनावरामागे कुत्रा लावून पळवणं हेसुद्धा येतं. ससा मरो वा न मरो. आम्हाला हा कायदा योग्य वाटतो. वैजापूर-गंगापूरच्या रानात काळवीट अजून दिसतात, ती या कायद्यामुळे. पण त्याच दिवशी एका जनावराचा हंगाम कायमचा संपला, याचा विचार कोणी केला नाही. काम गेलं की पारख जाते. आता पिल्लं विकत घेतात ती रुबाबासाठी, दाराशी साखळीला बांधायला. नजरेच्या कुत्र्याला चार हातांची साखळी! मग तो शेजारच्या शेळीमागे लागतो आणि लोक म्हणतात, कुत्रा वाईट.

काही ठिकाणी अजून जाण आहे. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची पश्मी प्रसिद्ध आहे. नांदेडच्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे, लष्करानेही या कुत्र्यांची चाचणी घेतली. आमचं म्हणणं एवढंच की तयारीची पद्धत शिकारीवाचूनही वापरता येते. ज्यांच्या घरी कारवानी आहे त्यांनी आश्विनात पहाटे त्याला मुरमावर चालवावं, गोचीड काढावी, पंजे तपासावेत, आणि कुंपण असलेल्या मोकळ्या रानातच सोडावं. हरणांच्या पट्ट्यात पट्टा हातातून सोडायचा नाही. दोरीला चिंधी बांधून ओढली तरी तो जीव तोडून धावतो. मेलेला ससा लागतोच असं नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतून हात वर दिसतोय, बोला.