रहाटाचे दांते व मालमोटारीची गति

श्रीवर्धनचें नांव निघालें कीं इतिहासप्रिय वाचकांस पेशवे घराण्याची आठवण व्हावी, हें साहजिकच आहे. भट घराण्याकडे येथील देशमुखी होती. त्याच घराण्यांतील बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्यें शाहूछत्रपतींकडून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं आणि एका लहानशा बंदरगांवाचें नांव साऱ्या हिंदुस्थानच्या इतिहासांत गोवलें गेलें. परंतु गांवाचा इतिहास म्हणजे केवळ तेथील थोर पुरुषांचा इतिहास नव्हे. गांवची सुपारी बाजारास कशी पोंचली, ओझें कोणी वाहिलें, चढ कसा चढला, हाहि इतिहासच होय. मात्र तो कागदावर फारसा उतरलेला नसून लांकडाच्या व लोखंडाच्या दांत्यांवर कोरलेला आहे. तो वाचण्याचा अल्पसा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों.

या प्रयत्नास एक निमित्त घडलें. श्रीवर्धनास आमच्या एका स्नेह्यांच्या वाडींत, सुपारीच्या झाडांच्या सावलींत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील पाऊण टनी डॉज मालमोटार उभी आहे. इंजिन सुस्थितींत आहे, सांगाडा मजबूत आहे. तिनें रोज म्हसळ्यापर्यंत व प्रसंगीं माणगांवपर्यंत जावें, अशी मालकांची इच्छा. पण सडकेवर आल्यावर गाडी ओरडते फार आणि पुढें सरकते थोडी. मागून येणारीं वाहनें कर्णे वाजवूं लागतात. मालकांना गाडीची दया येते आणि ती पुन्हा वाडींत जाऊन उभी राहते. “हिची चाल सुधारावी, कीं हिला पुराणवस्तु म्हणून झांकून ठेवावी?” असा प्रश्न त्यांनीं आम्हांस केला. प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस बरेंच मागें जावें लागलें.

प्रथम त्याच वाडींतील विहिरीकडे वळूं. पंप येण्यापूर्वीं कोकणच्या आगरांत रहाटानें पाणी काढीत असत. जनावर गोल फिरे. त्याच्याबरोबर आडवें चाक फिरे. त्या चाकाचे लांकडी दांते दुसऱ्या चाकाच्या दांत्यांत अडकून तें उभें चाक फिरवीत, आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई. मोटारींतील गियरचें सारें शास्त्र या रहाटांत सांठविलेलें आहे. साठ दांत्यांच्या चाकानें वीस दांत्यांचें चाक फिरविलें, तर धाकटें चाक तिप्पट वेगानें फिरतें, परंतु त्याचा जोर एकतृतीयांश होतो. उलट केलें तर वेग एकतृतीयांश आणि जोर तिप्पट. घर्षणांत जें वायां जातें तें निराळेंच. गति आणि जोर यांची थैली एकच आहे; एका खिशांतून काढल्यावांचून दुसऱ्यांत घालतां येत नाहीं. हा नियम ज्यानें ध्यानांत ठेवला, त्यास पुढील विवेचन कठीण वाटणार नाहीं.

श्रीवर्धनास हा नियम सडकेवर अनुभवण्याची वेळ उशिरा आली. जंजिरा संस्थानांतील हा गांव समुद्राकडे तोंड करून बसलेला. येथील रोठा सुपारीची कीर्ति मोठी. तिचा प्रवास पूर्वीं मचव्यांतून व गलबतांतून होई, पुढें आगबोटीहि आल्या. शिडाच्या गलबतास दांते नसतात. वारा मंद झाला तर वाट पाहावी, इतकाच उपाय. देशावर जाणारा माल मात्र सह्याद्रीच्या घाटांनीं बैलांच्या पाठीवरून जाई, आणि जेथें गाडीरस्ता झाला तेथें अवघड चढावर गाडीवान आणखी एक बैलजोडी जुंपीत. चढ संपला कीं ती सोडावी. ही जादा बैलजोडी म्हणजेच गाडीवानाचा खालचा गियर होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

यांत्रिक वाहनापुढें अडचण अशी कीं, त्याच्या इंजिनास जादा बैल जुंपतां येत नाहींत. तेव्हां एकाच इंजिनाचा जोर चढावर वाढवावा व सपाटीवर त्याचें वेगांत रूपांतर करावें, एवढाच मार्ग उरला. १८९१ मध्यें फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या गाडींत लहानमोठीं दंतचक्रें दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकविण्याची रचना आली. चक्रें निरनिराळ्या वेगांनीं फिरत असतांना तीं अडकवावयाचीं, म्हणजे खडखडाट ठरलेलाच. हा खडखडाट टाळण्याची समवेगी योजना, जिला आपले चालक ‘सिंक्रो’ म्हणतात, अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन यंत्रज्ञानें काढली व ती १९२८ मध्यें कॅडिलॅक गाड्यांत प्रथम बसली. मालमोटारींच्या नशिबीं हें सुख पुष्कळ उशिरा आलें.

मालमोटारीची गति सुधारण्याची हौसहि आजकालची नाहीं. फोर्ड कंपनीनें १९१७ मध्यें आपली एक टनी ‘टीटी’ मालमोटार काढली. तिच्या मागील अ‍ॅक्सलचें प्रमाण ७.२५ होतें, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास मधल्या दांड्यानें सव्वासात फेरे घ्यावयाचे. जोर भरपूर, पण चाल बैलगाडीच्या थोरल्या बंधूची. ज्यांस वेग हवा होता त्यांच्यासाठीं ५.१७ प्रमाणाचीं चक्रें मिळत. कोणी वॉरफर्डचा जादा गियरबॉक्स मध्यें बसवीत, आणि टी जातीच्या मोटारींस रकस्टेलचा दोन गतींचा अ‍ॅक्सल लावण्याची सोय झाली. सारांश, आमच्या स्नेह्यांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांस व वाण्यांसहि पडला होता.

हिंदुस्थानांत या वाहनांचा सुळसुळाट झाला तो महायुद्धानंतर. सैन्याचीं शिल्लक वाहनें विक्रीस निघालीं. त्याच सुमारास शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें कुर्ल्यास डॉज, फार्गो इत्यादि गाड्यांची जुळणी १९४७ पासून सुरू केली. १९४८ मध्यें जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच वर्षीं १ जून रोजीं पुणें व अहमदनगर यांमध्यें सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धांवली. आरंभीं या सेवेंत शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा नाना घराण्यांच्या गाड्या होत्या. जितक्या जाती तितकीं गियरचीं वळणें. आज एका गाडीवर हात बसावा तों उद्यां दुसरी हातीं यावी! त्या पिढीच्या चालकांच्या डाव्या हातांत केवढें कसब असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आतां वाडींतील डॉजकडे परत येऊं. १९४२ ते १९४५ या काळांत बनलेल्या या जातीच्या गाडीचें इंजिन ३.८ लिटरचें, ९२ अश्वशक्तीचें. चार गियर, आणि त्यांत सिंक्रो मुळींच नाहीं. चारी चाकांस जोर पोंचविण्याची सोय. अ‍ॅक्सलचें प्रमाण ५.८३ आणि पहिल्या गियरचें ६.४, म्हणजे पहिल्या गियरांत चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाचे ३७ हून अधिक फेरे. हा दोष नव्हे. चिखलांतून व वाळूंतून ओझें ओढण्यासाठीं जिचा जन्म, तिला डांबरी सडकेवर धांवण्याचा सराव कोठून असणार? तासास ५४ मैल ही तिची कमाल मर्यादा. मोठ्या टायरवर तिचें चाक एका फेऱ्यांत अदमासें पावणेतीन मीटर जमीन कापतें. या हिशेबानें तासास ६० किलोमीटर चालण्यास शेवटच्या गियरांत इंजिनास मिनिटास सुमारें २१२० फेरे घ्यावे लागतात. आजच्या गाडीस हें कांहींच नव्हे. परंतु ऐंशी वर्षांच्या इंजिनास तासन्‌तास असें राबविणें म्हणजे वृद्ध माणसास रोज गड चढावयास लावणें होय.

उपाय चार आहेत. पहिला, मोठे टायर. तो स्वस्त दिसतो. पण स्टिअरिंग जड होतें, ब्रेक कमी पडतात आणि वेगदर्शक कांटा खोटें बोलूं लागतो. दुसरा, नवीन पद्धतीचा पांच गियरचा सिंक्रो गियरबॉक्स. चालविणें सुखाचें होतें; परंतु क्लचचें घर, दांड्यांची लांबी, बैठकीचे आधार हें सारें बदलत जातें, आणि शेवटीं जुन्या गाडीचें नांवच तेवढें उरतें. तिसरा, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाटीवर इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गियर. मात्र चारी चाकें ओढणाऱ्या गाडींत तो गियरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्यामध्येंच बसला पाहिजे. केवळ मागील दांड्यावर बसविला, तर पुढील चाकें जोडतांच पुढचीं एक म्हणतील व मागचीं दुसरें.

चौथा उपाय अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियन बदलण्याचा. याच घराण्याच्या युद्धोत्तर पॉवर वॅगन गाडीस ५.८३ खेरीज ४.८९ चें प्रमाणहि मिळत असे. तें घातल्यास ६० किलोमीटरच्या वेगास २१२० ऐवजीं १७८० फेरे पुरतात. इंजिनाचा श्वास मोकळा होतो, आवाज उतरतो. त्याचें मोल म्हणून पहिल्या गियरांतील एकूण प्रमाण ३७ वरून ३१ वर येतें. चढावर एवढा जोर गेला. परंतु हलक्या ओझ्यास तो पुरून उरतो. एक पथ्य मात्र कडक आहे: पुढचा व मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच प्रमाणाचे झाले पाहिजेत. आणि विकत घेण्यापूर्वीं मोजून पाहावें. दोन्ही मागलीं चाकें उचलून धरून बरोबरच एक फेरा फिरवावीं आणि मधल्या दांड्याचे फेरे मोजावे. खडूची एक खूण यास पुरे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षां खडूची खूण अधिक विश्वासू असते.

कित्येक ठिकाणीं पेट्रोलचा खर्च टाळण्यासाठीं जुन्या गाडींत डिझेल इंजिन बसवितात. डिझेलचें इंजिन सामान्यतः कमी फेऱ्यांवरच आपली मर्यादा गांठतें. दांते जुनेच ठेवून असें इंजिन घातलें, तर गाडी पूर्वींपेक्षां मंद होते आणि दोष बिचाऱ्या इंजिनाच्या माथीं बसतो. दांते आधीं मोजावे, इंजिन मागाहून निवडावें.

गति वाढविणाऱ्यानें थांबण्याचाहि विचार केला पाहिजे. वेग ६० वरून ७२ झाला, म्हणजे पांचव्या हिश्शानें वाढला. परंतु ब्रेकांस जिरवावी लागणारी शक्ति जवळजवळ दीडपट होते. श्रीवर्धन व म्हसळा यांमधील डोंगराळ, वळणावळणाच्या वाटेवर, विशेषतः पावसाळ्यांत, हा हिशेब विसरून चालणार नाहीं. उतारावर खालच्या गियरांत गाडी धरावी, हा जुन्या चालकांचा नियम आजहि तितकाच खरा आहे. गियर खालीं घेतांना क्लच दाबून न्यूट्रल करावें, क्लच सोडून इंजिनास थोडा वेग द्यावा, पुन्हा क्लच दाबून गियर घालावा. ही दोनदां क्लच दाबण्याची विद्या साधली कीं सिंक्रोची उणीव निम्म्यानें भासेनाशी होते.

कायद्याचाहि एक दांता येथें अडकतो. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या खासगी वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीचे नियम केले. ही नोंदणी मूळ रूपांत राखलेल्या वाहनासच मिळते. आणि तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कामांसाठींच रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरास नाहीं. म्हणजे गाडी वारसा म्हणून नोंदवावी कीं सेवक म्हणून राबवावी, हें मालकानें आधींच ठरविलें पाहिजे. रोज राबवावयाची तर तिची साधी नोंदणी चालू असली पाहिजे, आणि इंजिनासारखा मोठा फरक परवानगीवांचून करूं नये.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं आमचें मत असें कळविलें: प्रथम ब्रेक व स्टिअरिंग निर्दोष करा, मग दोन्ही अ‍ॅक्सलांत ४.८९ चे दांते घाला. गियरबॉक्स जुनाच ठेवा व हात त्यावर बसवा. आणि काढलेले जुने दांते ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून, पेटींत जपून ठेवा. उद्यां घरांतील एखाद्या मुलास गाडी पुन्हा मूळ रूपांत आणावीशी वाटली, तर त्याची वाट आपण बंद केलेली नसावी. जुन्या वस्तूंत फेरफार करतांना परतीचा रस्ता मोकळा ठेवणें, हीच त्या वस्तूविषयींची खरी आदरबुद्धि होय.

त्यांचें उत्तर आलें आहे. ब्रेकांचें काम सुरू झालें असून पेटीहि तयार आहे; ती वाडींतल्याच मोडलेल्या रहाटाच्या फळ्यांची केली आहे, असें ते लिहितात.