तांबी की गोळ्या? शरीरात नेमका काय फरक पडतो, जाणून घ्या

दोन मुलांत अंतर ठेवायचं म्हटलं की गावात दोन नावं हमखास निघतात, तांबी आणि गोळ्या. सोबत भीतीही असते. "तांबी वर पोटात चढते", "गोळ्यांनी मूलच होत नाही" असं कानावर येतं आणि बाई कुणाला न सांगता मधेच बंद करते. मग नको असताना दिवस जातात. प्रत्यक्षात या दोन्ही साधनांचं काम अगदी वेगळं आहे.

तांबीत हार्मोन नसतं

तांबी म्हणजे कॉपर टी. तांब्याची तार गुंडाळलेली ही छोटी वस्तू गर्भाशयात बसवतात. तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं. सरकारी दवाखान्यात 380 ए ही 10 वर्षांची आणि 375 ही 5 वर्षांची तांबी मोफत बसवली जाते. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही बसवता येते, पण बाईला आधी विचारूनच.

हिच्यात हार्मोन नसल्याने अंगावरचं दूध कमी होत नाही. त्रास असतो तो पाळीचा. पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं, ओटीपोटात कळा येतात. म्हणून ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, त्यांनी रक्त तपासून सिस्टरशी बोलूनच निर्णय घ्यावा. तांबी कधीकधी खाली सरकून निघून जाते, त्यामुळे पुढच्या पाळीनंतर एकदा तपासून घ्यावी.

खाजगी दवाखान्यात हार्मोनची तांबीही मिळते. तिने पाळी उलट कमी होते.

माला-एन गोळीत दोन हार्मोन

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. हार्मोनमुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, छाती जड वाटणं, मधेच डाग पडणं असं होतं. बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत थांबतं. पाळी मात्र नियमित होते आणि रक्त कमी जातं.

गोळी रोज ठरल्या वेळेला घ्यायची. एक विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर सात दिवस निरोध वापरा आणि आशाताईंना विचारा.

ही गोळी कुणी घेऊ नये?

- बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल तर
- बीपी वाढलेलं, हृदयविकार, लकवा, पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर
- लिव्हरचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर
- डोळ्यासमोर चमकून अर्धशिशी उठत असेल तर
- वय 35 च्या पुढे असून विडी ओढत असेल तर

टीबीची किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर आधीच सांगा. काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो.

तिसरी वाट: छाया

छाया गोळीत हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. काहींची पाळी लांबते. कावीळ किंवा अंडाशयात गाठी असल्यास डॉक्टरांना विचारा.

भरवसा किती?

तांबी बसवलेल्या 100 बायकांत वर्षभरात एकीपेक्षाही कमी बाईला दिवस जातात. गोळ्या रोज न चुकता घेतल्या तर तेवढाच भरवसा. पण घरचं-शेतातलं करताना गोळी चुकतेच, त्यामुळे प्रत्यक्षात 100 मध्ये साधारण 7 जणींना दिवस जातात.

तांबी काढल्यावर किंवा गोळी थांबवल्यावर मूल होऊ शकतं. तांबी काळजापर्यंत जात नाही. क्वचित ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतते, म्हणून ती शिकलेल्या हातानेच बसवून घ्यावी. दोन्हींपैकी एकानेही एचआयव्ही टळत नाही, त्याला निरोधच लागतो.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

तांबी असताना पाळी चुकली, ताप आला, ओटीपोटात जोराची कळ आली किंवा घाण वासाचं पाणी गेलं तर थांबू नका. गोळी चालू असताना छातीत दुखलं, दम लागला, एक पाय सुजला, अचानक दिसेनासं झालं तर 108 ला फोन करा.

आणि साधन सोसत नसेल तर गुपचूप बंद करू नका. उपकेंद्रात जाऊन बदलून घ्या. तांबी मुदतीआधी काढून मागण्याचाही बाईला हक्क आहे.