मालगुजार ते भूमिस्वामी: पांढुर्णा-सौसरच्या शेतजमिनीचा कायदा
कापूस, ज्वारी आणि संत्री पिकवणाऱ्या पांढुर्णा-सौसरच्या मराठीभाषक मुलखात, तो मध्य प्रांतात असताना, इंग्रजांनी मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याला, गावाची मालकी दिली आणि जमीन कसणारी अनेक कुटुंबे त्याची कुळे ठरली. १९५०च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी हे हक्क शासनाकडे आले, तर १९५९च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने खातेदाराला ‘भूमिस्वामी’, म्हणजे वारसा व हस्तांतरणाचा अधिकार असलेला धारक, हा दर्जा दिला. मात्र भूमिहीन मजुराच्या घरातील भूक एवढ्याने शमणारी नव्हती. म्हणूनच शासनाने पात्र ठरवलेल्या ‘प्राधान्य’ कुटुंबांतील प्रत्येकाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क देणारा २०१३चा अन्नसुरक्षा कायदा हा जमीनसुधारणांतील न्यायाचा अत्यावश्यक पुढचा टप्पा ठरतो.