लिलाव : अब्रूचा आणि सोयीचा

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, ते कानांवर पडताच घरातील वडीलधाऱ्या माणसांचा चेहरा उतरतो. ‘लिलाव’ हा त्यांपैकी एक शब्द होय. दारावर दवंडी पिटली जात आहे, बेलीफ ओसरीवर उभा आहे, माजघरातील तांब्यापितळेची भांडी अंगणात मांडली आहेत आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असा पुकारा होत आहे, हे दृश्य या शब्दाच्या मागे उभे राहते. घराण्याच्या वस्तूंचा लिलाव म्हणजे घराण्याच्या अब्रूचा लिलाव, अशीच आपल्या समाजाची समजूत पिढ्यान् पिढ्या होती.

आज दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार नावाची जी विस्तीर्ण वसाहत आहे, तेथे मात्र हेच दृश्य अगदी निराळ्या रूपात पाहावयास मिळते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दिल्ली विकास प्राधिकरणाने आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांनी ही वसाहत आकारास आणली. सरकारी नोकर, प्राध्यापक, पत्रकार, बँकांतील कर्मचारी अशा मध्यमवर्गीय माणसांची तेथे वस्ती झाली. बदलीचा हुकूम हाती पडला की अशा घरातील कपाट, पलंग, कपडे धुण्याचे यंत्र आणि उन्हाळ्यातला कूलर यांची छायाचित्रे काढली जातात, ती इंटरनेटवर झळकतात आणि अनोळखी माणसे त्यांची किंमत बोलू लागतात. घरातल्या वस्तू परक्या माणसांच्या नजरेपुढे मांडणे ही कृती तीच, त्यांवर बोली लागणे हाही प्रकार तोच. परंतु लाज तेवढी नाहीशी झाली आहे. जी गोष्ट एके काळी दैवाचा घाला वाटत होती, ती गृहव्यवस्थेतील एक सोय कशी झाली, हा इतिहासाच्या दृष्टीने मोठा मनोरंजक प्रश्न आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करावयास हवा. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला. त्यांच्या ‘लेलांव’चा मराठीत लिलाव झाला, आणि पोर्तुगीजांनीही तो अरबांकडून उचलला होता. त्याच्या मुळाशी जाहीर करण्याचा, सर्वांना कळविण्याचा अर्थ आहे. विदर्भात याच व्यवहाराला ‘हर्रास’ म्हणतात. तो शब्दही अरबीतूनच आलेला. लिलावाचे सारे मर्म या जाहीरपणात आहे. खाजगी सौदा दोघांत होतो. लिलाव चारचौघांत होतो.

गोव्यात हा जाहीर व्यवहार सोळाव्या शतकात पूर्ण भरास आला होता. यान हायखेन फान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये गोव्यास आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने जुन्या गोव्याच्या सरळ राजरस्त्यावर दररोज सकाळी, उन्हे तापण्यापूर्वी, भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. तेथे अरबी घोडे विकले जात, जडजवाहीर विकले जाई आणि माणसेही गुलाम म्हणून विकली जात. पण त्याने नोंदविलेली आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोणी मनुष्य मरण पावला, की त्याच्या घरातील वस्तू याच रस्त्यावर आणून शेवटच्या दमडीपर्यंत विकल्या जात. मग तो मनुष्य साधा असो अथवा साक्षात व्हाइसरॉय असो. विधवांना आणि पोरक्या मुलांना त्यांचा न्याय्य वाटा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे घरगुती वस्तूंच्या लिलावाचा जो जुना आणि तपशीलवार वृत्तान्त या पश्चिम किनाऱ्यावरून उपलब्ध आहे, त्यात त्याचा संबंध अप्रतिष्ठेशी नसून न्यायाशी आहे. चारचौघांत भाव ठरला म्हणजे अनाथाचा पैसा कोणा आप्ताला परस्पर गिळंकृत करता येत नाही, हा विचार त्यामागे होता.

याहूनही मागे गेले तर रोमच्या इतिहासात एक उदात्त उदाहरण सापडते. दुसऱ्या शतकात उत्तरेच्या टोळ्यांशी युद्ध जुंपले आणि खजिना रिता झाला, तेव्हा सम्राट मार्कस ऑरेलियस याने प्रजेवर नवा कर न लादता स्वतःच्या राजवाड्यातील मौल्यवान भांडी, चषक आणि राणीची रेशमी, जरतारी वस्त्रे लिलावास काढली. हा लिलाव दोन महिने चालला. पुढे विजय मिळाल्यानंतर, ज्यांना घेतलेली वस्तू परत करून पैसे हवे असतील त्यांना तशी मुभा देण्यात आली आणि ज्यांना वस्तू ठेवावीशी वाटली त्यांना कोणताही त्रास दिला गेला नाही, असे प्राचीन चरित्रकार सांगतो. राजवाडा रिकामा झाला, परंतु राजाची प्रतिष्ठा वाढली; कारण विकणारा स्वेच्छेने विकत होता.

याच्या नेमका उलट प्रसंग महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरलेला आहे. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये ते राज्य खालसा केले. राज्य गेले ते गेलेच; पण त्यामागोमाग राजवाड्यातील चीजवस्तूही बाहेर निघाल्या. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस अत्यंत स्वल्प भावाने विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. घरातील सामान हलविले तर वाड्याला आग लावीन, असा धाक वयोवृद्ध राणी बांकाबाई यांनी घातला. तरीही सामान हललेच. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. राज्य बळकावल्याने जेवढा क्षोभ झाला, त्याहून अधिक या विक्रीने त्या प्रांती आणि भोवतालच्या मुलखात झाला, असे आपल्या ऐकण्यात आल्याचे तो नमूद करतो. हे मत विचार करण्याजोगे आहे. राज्य ही राजकारणाची बाब असते. तिचे जाणे-येणे लोक पाहत आलेले असतात. परंतु देवघरातील समई आणि दिवाणखान्यातील गालिचा परक्याच्या हातोड्याखाली जाणे, हे ज्याला त्याला आपल्याच घरी घडल्यासारखे वाटते.

राजवाड्यात घडले ते पुढे खेड्यापाड्यांत घडू लागले. नव्या दिवाणी न्यायालयांनी सावकाराच्या हाती हुकूमनाम्याचे शस्त्र दिले. अक्षरशत्रू कुणब्याने अंगठा उठविलेल्या कागदावरून त्याची जमीन, त्याची गुरे आणि त्याची भांडीकुंडी जप्त होऊ लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे या असंतोषाचा स्फोट झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि त्यांचे मुख्य लक्ष्य होते ते कर्जरोखे. ते मिळवावे आणि जाळावे, एवढ्यासाठीच अनेक गावे उठली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा करावा लागला. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक लहानसे कलम कायम झाले. ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांवर जप्ती आणता येत नाही, असे ते कलम सांगते. मंगळसूत्राला लिलावाच्या बाहेर ठेवणारे हे कलम म्हणजे, सर्वच वस्तूंना बाजारभाव लावता येत नाही, या जाणिवेची कायद्याने दिलेली कबुलीच होय.

लिलावाची अशी दहशत असल्यामुळे, जुन्या वस्तू विकण्याचे अन्य मार्ग समाजाने निर्माण केले आणि त्या सर्वांचा विशेष म्हणजे आडपडदा. दुपारच्या निवांत वेळी दारी येणारी बोहारीण जुनी लुगडी नि धोतरे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देई. पैशाचे नाव निघत नसे. त्यामुळे विकल्याचा कमीपणाही लागत नसे. पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार काय, किंवा मुंबईचा चोरबाजार काय, तेथे वस्तू पोहोचते तेव्हा तिच्यावरील मालकाचे नाव पुसले गेलेले असते. दिल्लीत रघुबीर नगर येथे पहाटेच्या अंधारात जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रिया घरोघर फिरून, भांड्यांच्या मोबदल्यात गोळा केलेले कपडे तेथे आणतात. वस्तू फिरत राहावी, पण ती कोणाच्या घरची हे कोणास कळू नये, हीच या साऱ्या व्यवहाराची रीत होती. मात्र या आडपडद्याची किंमत विकणाऱ्यालाच मोजावी लागे. एकच गिऱ्हाईक दारी आल्यावर तो म्हणेल तो भाव पत्करावा लागतो.

ही कोंडी फुटली ती १९९५ मध्ये. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतात इंटरनेटची सेवा सर्वसामान्य नागरिकांसाठी खुली झाली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील पियेर ओमिड्यार या तरुण तंत्रज्ञाने इंटरनेटवरील एक लिलावगृह सुरू केले. पुढे ते ‘ईबे’ या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर दर्शक. तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला. तो मोडका आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते. अशा मोडक्या दर्शकांचा तो संग्राहकच होता. या क्षुल्लक घटनेत नव्या युगाचे बीज होते. गावच्या बाजारात ज्या वस्तूला एकही गिऱ्हाईक नाही, तिला जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे गिऱ्हाईक असतेच. अडचण असते ती दोघांची गाठ पडण्याची.

या नव्या लिलावात दवंडी नाही की हातोडा नाही. घेणाऱ्याने आपली कमाल किंमत यंत्राला गुप्तपणे सांगून ठेवावयाची; दुसऱ्याने बोली वाढविली की यंत्र त्याच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली चढविते. म्हणून जिंकणाऱ्याला आपली कमाल रक्कम द्यावी लागतेच असे नाही; प्रतिस्पर्ध्याच्या बोलीहून किंचित अधिक दिले म्हणजे पुरते. अशाच प्रकारच्या लिलावाची मीमांसा विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये केली होती आणि १९९६ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु यंत्रापेक्षाही अवघड प्रश्न विश्वासाचा होता. वस्तू पाहिलेली नाही, माणूस पाहिलेला नाही, आणि पैसे मात्र आधी पाठवावयाचे! त्यावर उपाय निघाला तो असा की, व्यवहार संपताच दोघांनी एकमेकांविषयी आपला अभिप्राय सर्वांना दिसेल अशा रीतीने नोंदवावा. गावात ज्याला पत म्हणत, तीच येथे अनोळखी माणसांच्या अभिप्रायांतून उभी राहू लागली.

भारतात या पद्धतीचा प्रवेश २००० च्या सुमारास मुंबईतून झाला. ‘बाजी’ नावाची लिलावाची सेवा तेथे सुरू झाली. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतली. तथापि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचे हे भारतीय दालन बंद झाले. येथील माणसाला यंत्राने चढविलेल्या बोलीपेक्षा घासाघीस अधिक मानवते, असेच म्हणावे लागेल. म्हणून मयूर विहारातील गृहिणी आज छायाचित्राखाली किंमत लिहिते, गिऱ्हाईक ती पाडून मागते, दुसरा थोडी वाढवून देतो, आणि शेवटी कोणीतरी यमुना ओलांडून टेम्पो घेऊन दारी येतो व कूलरचा पंखा चालवून पाहतो. चैत्र-वैशाखात त्या कूलरला जो भाव येतो, तो कार्तिकात येत नाही. नाव काहीही असो, एका वस्तूसाठी अनेकांनी बोलणे हा लिलावाचा आत्मा तेथे कायम आहे. नाहीशी झाली आहे ती सक्ती. वस्तू केव्हा विकावी, किती किमतीस विकावी आणि न पटल्यास विकू नये, हा अधिकार घरधनिणीच्या हाती आला आहे.

मात्र जुना लिलाव इतिहासजमा झाला आहे, असे कोणी समजू नये. बँकांना तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने मिळाला आणि आज थकबाकीदाराच्या घराचा लिलावही बहुधा संगणकावरूनच होतो. दवंडीऐवजी वर्तमानपत्रात सूचना येते. अंगणात गर्दी जमत नाही. पण त्या घरातील माणसांना वाटणारी व्यथा नागपूरच्या राणीच्या व्यथेहून निराळ्या जातीची नसते. साधन बदलले म्हणून दुःख बदलत नाही. मार्कस ऑरेलियसचा लिलाव आणि नागपूरचा लिलाव यांत जो फरक होता, तोच मयूर विहारातील विक्री आणि ही विक्री यांत आहे. आणि तो फरक साधनाचा नसून इच्छेचा आहे.

या कथेला अलीकडेच एक विलक्षण पुरवणी जोडली गेली. नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये लिलावास निघाली. तिचे पाते युरोपीय घडणीचे असून त्यावर रघूजींचे नाव देवनागरीत सोन्याने कोरलेले आहे. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोहोचली. ज्या घराण्याचे हत्तीघोडे सीताबर्डीस कवडीमोलाने गेले, त्याच घराण्याची एक वस्तू लिलावाच्याच वाटेने स्वदेशी परतली. लिलावाचा हातोडा घर मोडतो आणि क्वचित मोडलेले जोडतोही. तो कोणाच्या हाती आहे आणि ज्याची वस्तू त्याची संमती आहे की नाही, एवढेच इतिहासाला विचारावे लागते.