बोटांना कळणारा पैसा

खामगावच्या बाजारात चांदीचा अन् कापसाचा पैसा फिरतो. त्यातली 200 ची नोट डोळे मिटून 500 च्या नोटेवर ठेवून पाहा. लांबीतला फरक 4 मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही कमी. रुंदी दोन्हींची 66. ज्याला दिसत नाही त्याने निवडायचं कसं?

एकेकाळी हा प्रश्न नव्हता. 1907 पासूनचा आणा कंगोरेदार, 1918 पासूनची चवली चौकोनी, 1943 चा पैसा तर भोकाचाच. दशमान पद्धत आली तरी ही रीत टिकली: 5 पैसे चौकोनी, 10 पैसे कंगोरेदार, 3 पैसे षटकोनी. अंधारात, खिशात, कनवटीला हात घालून माणूस चिल्लर मोजू शके. अंधांना त्याचा आपसूक फायदा झाला, आणि आपसूक मिळालेलं जातानाही कुणाच्या ध्यानात आलं नाही. अकराकोनी 2 रुपये 2005 पासून गोल झाले. 2011 चे 2 रुपये तर 25 मिलिमीटरचे, म्हणजे नेमके जुन्या रुपयाएवढे!

नोटांवर मात्र विचार झाला होता. 1996 च्या गांधी मालिकेत 50 वर चौकोन, 100 वर त्रिकोण, 500 वर वर्तुळ, सगळे उठावदार. शिवाय 100 आणि 500 च्या लांबीत 10 मिलिमीटरचा फरक. हाताळून उठाव झिजतो, लांबी झिजत नाही. म्हणून बोटांचा भरवसा लांबीवर. 2015 मध्ये खुणा मोठ्या केल्या, कडेला तिरप्या रेघा आल्या. पुढच्याच वर्षी नोटबंदी झाली आणि नव्या नोटांनी लांबीच आखडती घेतली.

मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हीच तक्रार घेऊन 2019 मध्ये उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मणी’ हे ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलतं, इंटरनेटशिवायही. चांगलं आहे. पण त्याला स्मार्टफोन हवा, चार्जिंग हवं, दोन्ही हात मोकळे हवेत. एसटी स्टँडच्या गर्दीत फोनने मोठ्याने ‘पाचशे’ म्हटलेलं कुणाला आवडेल? जुनी चवली एवढी बोलत नव्हती.

अनेक अंध लोक प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालतात: एक आडवी, एक उभी, एक सरळ. घरी कुणाकडून ओळखून घेतलेल्या नोटांपुरतं हे चालतं. दुकानदाराने परत दिलेल्या नोटेला घडी घालण्याआधी ती कितीची, हे त्यालाच विचारावं लागतं.