नागपूरच्या वाड्याचा लिलाव

भंडारा जिल्ह्यातले करडी हे गाव 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होते. वैनगंगेकाठच्या धानाच्या गावांतून उठणारा सारा नागपूरला जाई. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यातले हत्तीघोडे, जामदारखाना आणि बैठकीचे सामान त्याच वसुलावर उभे होते. हे सारे हातोड्याखाली गेले, तेव्हा नुकसान एका घराण्यापुरते राहिले नाही. उरलेल्या कागदांवरून तो लिलाव समजून घेता येतो.

तिसरे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजी औरस पुत्राविना वारले. ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट मॅन्सेल याचा कल राज्य राखण्याकडे होता. कलकत्त्याच्या कौन्सिलात कर्नल लो यांनीही खालसा करण्याविरुद्ध मत नोंदवले. पण 28 जानेवारी 1854 च्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि राज्य गेले. त्यानंतर प्रश्न उरला वाड्यातल्या मालमत्तेचा. ती राजाची खासगी, की राज्याची? कंपनी सरकारने ती ताब्यात घेतली. विक्रीचा पैसा भोसले कुटुंबाच्याच निर्वाहासाठी राखला जाईल, अशी त्याची भूमिका होती.

विक्रीचा सर्वांत बोलका पुरावा इंग्रज इतिहासकार जॉन विल्यम के यांच्या 1857 च्या बंडाच्या इतिहासात आहे. पहिला खंड 1864 चा. त्यातल्या एका तळटीपेत तिसऱ्या रघूजींच्या विधवा राण्यांच्या इंग्रजी अर्जाचा भाग छापला आहे. सप्टेंबरमध्ये जनावरांचा जाहीर लिलाव सुरू झाला आणि एक बैलजोडी अवघ्या 5 रुपयांना गेली, अशी त्यांची तक्रार आहे. के एकूण आकडाही देतात. हत्ती, उंट, घोडे, बैल मिळून पाचसहाशे जनावरे 1,300 पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या हिशेबाने हे सुमारे 13,000 रुपये. म्हणजे हत्ती धरूनसुद्धा नगामागे 22 ते 26 रुपये.

हा आकडा राण्यांच्या तक्रारीला दुजोरा देतो. अर्ज दुखावलेल्या पक्षाचा आहे, म्हणून तो तपासून घ्यायला हवा. पण के कंपनीच्या नोकरीतले होते आणि त्यांची बेरीज त्याच दिशेने जाते. भाव इतका का पडला, याचा तर्क अवघड नाही. नागपुरात हत्तींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक खुद्द दरबार होता. दरबार मोडला, लष्कर मोडले, की पोसायला जड असलेले जनावर घेणार कोण? माल एकदम बाजारात ओतला गेला आणि मागणी त्याच वर्षी संपली होती.

असेच फ्रान्समध्ये साठ वर्षांपूर्वी घडले होते. क्रांतीनंतर व्हर्सायच्या राजवाड्यातले सामान ऑगस्ट 1793 पासून जवळजवळ वर्षभर विकले जात होते. 17,000 हून अधिक लॉट बोलीला लागले. राजाचा नामवंत सुतार जाँ-आंरी रीझनेर याने आपल्याच हातच्या काही वस्तू परत विकत घेतल्या. पुढे चांगली किंमत येईल ही त्याची आशा होती. पण अभिरुची पालटली होती आणि त्याला नफ्याचे गिऱ्हाईक मिळाले नाही. आज त्याच कारागिराच्या कामासाठी संग्रहालये मोठी रक्कम मोजतात.

नागपुरात सामानाची पाळी आली, तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या विधवा, ऐंशीच्या घरातल्या बांकाबाई, यांनी सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, असे बजावले. के हा प्रसंग आदराने नोंदवतात. राज्य घेण्यापेक्षा या विक्रीने लोकांचे मन अधिक दुखावले, असे ऐकल्याचेही ते लिहितात. तरीही सामान हलले आणि थोडे अपवाद सोडून जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. नागपुरातले सहायक कमिशनर इव्हान्स बेल यांनी भोसले कुटुंबाची बाजू मांडली. त्याची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली. कोरीव लाकूडकामाने नटलेला तो वाडा 1864 मध्ये जळाला आणि नगारखाना तेवढा उरला. त्यामुळे या कागदांचे मोल वाढते.

29 एप्रिल 2025 रोजी त्याच घराण्यातल्या पहिल्या रघूजींची तलवार लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीला आली. पाते युरोपीय घडणीचे, त्यावर देवनागरीत नाव. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली. खर्चासह सुमारे 47.15 लाख रुपये लागले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. या खरेदीचा आनंद वाटतो. पण एका तलवारीसाठी आज दिलेली ही रक्कम पाचसहाशे जनावरांच्या त्या 13,000 शेजारी ठेवली, की लिलावाच्या भावाचा अर्थ कळतो. भाव त्या दिवसाचा असतो. आणि तो दिवस कोण ठरवतो, थांबण्याचा हक्क कोणाला असतो, यावर भाव फार अवलंबून असतो. राण्यांना तो हक्क नव्हता.

म्हणून परतीच्या वस्तूंइतकेच विक्रीचे कागद मोलाचे आहेत. अर्ज, टिपणे, पत्रव्यवहार एकत्र करून मराठीत छापले, तर पुढची एखादी वस्तू बाजारात येईल तेव्हा ती कोठून निघाली हे आपल्याला आधीच ठाऊक असेल. तो खर्च तलवारीच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि तो करायला हवा.