सत्यशोधक विवाह (सातारा–सांगली)

पुरोहितावाचून, वधूवरांनी मराठीतून परस्परांना दिलेल्या वचनांवर लागणारा विवाह. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या पद्धतीचा पहिला विवाह झाला. फुले घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सातारा जिल्ह्यात ही परंपरा पुढे खोल रुजली.

वैचारिक पार्श्वभूमी : युरोपात मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ पासून धर्मगुरूंच्या अधिकाराला आव्हान दिले. फ्रान्समध्ये १७९२ साली, तर इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने चर्चबाहेर विवाह करण्याची मुभा मिळाली. याच मंथनातील थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ फुल्यांनी तरुणपणी वाचला. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हा विचार दोन्हीकडे समान आहे. युरोपात मात्र विवाहावर हक्क चर्चचा की शासनाचा, असा वाद होता. इथे प्रश्न जातीच्या उतरंडीचा आणि लग्नापायी कर्जात बुडणाऱ्या कुणब्याचा होता. म्हणून फुल्यांनी पाश्चात्त्य विधी उचलला नाही. त्यांनी मंगलाष्टके ठेवली, पण ती नव्याने मराठीत रचली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) यात ती आहेत. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन घेते.

प्रसार : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सत्यशोधक जलशांनी हा विचार गावोगावी नेला. या चळवळीत घडलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवणारी त्यांची वसतिगृहे याच विचाराची फळे होत.

गांधी विवाह : क्रांतिसिंह नाना पाटील (येडे मच्छिंद्र) यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने (ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे राहिलेले समांतर सरकार, १९४३–४६) याच वाटेने हुंडा, मानपान व खर्च टाळून साधे विवाह लावले. लोक त्यांना ‘गांधी विवाह’ म्हणत. सावकाराच्या दारात न जाता मुलीचे लग्न होऊ शकते, हे त्यांनी शेतकऱ्याला दाखवून दिले. प्रतिसरकारचा बराचसा मुलूख १९४९ साली वेगळ्या झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

उत्तरकाळ : साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही सत्यशोधक विवाहांना पाठबळ दिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली.

महत्त्व : या परंपरेने विवाहसंस्था मोडली नाही, ती वधूवरांच्या स्वाधीन केली. दोघांना कळणाऱ्या भाषेत, दोघांच्या तोंडून निघालेले वचन हाच तिचा संस्कार होय. आजही लग्नासाठी जमीन गहाण पडते आणि हुंड्यापायी मुलींचे बळी जातात. हे थांबत नाही तोवर फुल्यांनी दाखवलेली ही वाट गरजेचीच राहील.